कोणाची वाटी

ज्या वर्षी बार्नबस रणपिसेंनी लॅम्ब्रेटा विकली
त्या वर्षी नागपूर सत्तेचाळीसपर्यंत तापलं होतं,
म्हणून तंबूतल्या उपदेशकाचं म्हणणं
आम्हाला जरा सहजच पटलं.
पडद्यावर सात डोक्यांचं श्वापद.
त्याने छडीने एकेक डोकं मोजलं,
हातचा धरावा तसं काहीतरी धरलं
आणि तारीख सांगितली.
जूनच्या आधीची. रात्री बारा.

रणपिसेंनी कवेलू फेरायचं सोडून दिलं.
आता पाऊस पाहतो कोण, म्हणाले.
पोरीची फी भरली नाही.
अजनीच्या क्वार्टरांत बायका
पांढऱ्या साड्यांना नीळ देत होत्या.

माझे बाबा, शांतवन अल्हाट, पॉइंट्समन.
त्या रात्री त्यांची ड्युटी.
आजच्या दिवस तरी रजा टाका, आई म्हणाली.
बाबा कंदिलाची काच राखेने पुसत होते.
"तो आला, अन् मी काटा सोडून
घरी बसलेलो दिसलो,
तर काय सांगू त्याले?
दक्षिणेची मेल बाराच्या आतबाहेर असते."

आईने फळीवरून वाट्या काढल्या.
मेश्रामबाईंची, काठाला पोचा असलेली.
सोनटक्केंची स्टीलची, नाव कोरलेली.
एक कोणाची ते तिलाही आठवेना,
ती घेऊन तिने सगळी चाळ फिरून विचारलं.
रिकामी एकही दिली नाही,
साखर संपल्यावर गूळ घातला.
मग सदरला गेली, चालत,
मार्थामावशीकडे,
जिच्याशी शिलाई मशीनवरून चार वर्षं अबोला होता.
साडेदहाला आली.
डोळे लाल, काखेत लोणच्याची बरणी.

तुझा विश्वास आहे त्या तारखेवर? मी विचारलं.
"तारखेवर नाही गं.
पण वाट्या तर लोकांच्याच आहेत ना."

बाराला आम्ही रणपिसेंच्या अंगणात.
बाराला पाच कमी असताना लाइट गेली.
कूलर घरघरत थांबला,
पाणी ठिबकायचं राहिलं.
कोणीतरी गुडघ्यावर आलं, कोणी पोराचं डोकं छातीशी दाबलं.
इतका वेळ तयारीत बसलेल्या माणसांत
काडेपेटी एकाकडेही नव्हती.
आईने कनवटीची काढली.
पिवळ्या उजेडात सगळे
एकमेकांना एकदम म्हातारे दिसले.

आणि दूर, लोकोशेडच्या पलीकडे, भोंगा.
मेल आली,
आपल्या रुळावरून
सरळ निघून गेली.

सकाळी रणपिसेंचं दार उघडेना.
बाबा रात्रपाळी करून परतले,
चहाही न घेता
शेजाऱ्यांची शिडी खांद्यावर घेऊन
त्यांच्या छपराला लावली.
तारखेचं नाव काढलं नाही.
वरून एवढंच ओरडले,
"बार्नबस, खालून एकेक कवेलू दे."
खूप वेळाने
एक हात दाराबाहेर आला.

बाबा आता जरीपटक्याच्या कबरस्थानात.
पाय पूर्वेकडे,
उठल्याबरोबर उजाडताना दिसावं म्हणून.
दोन कबरी सोडून रणपिसे.

झीरो माइलच्या दगडावर
गावोगावची अंतरं कोरली आहेत.
लहानपणी चारी बाजूंनी फिरून मी
ते एक अंतर शोधलं होतं.
आता मेट्रो तिथूनच जाते, मी खिडकीतून बघतही नाही.
लेक मोबाइलवर कुठली तरी युद्धं बघते, जळती जंगलं,
विचारते, आई, हेच का ते?
मला माहीत नाही, मी म्हणते,
आणि खरंच माहीत नाही.
कधी पहाटे जाग येते तेव्हा
तो येईल असं वाटतं.
कधी नुसता दूधवाला येतो,
त्यालाही मी दार पटकन उघडते.

आज ओट्यावर एक वाटी आहे.
खालच्या मजल्यावरच्या सुनेची, बहुतेक.
परवा तिच्याशी पार्किंगवरून वाजलं,
मी नको ते बोलले.
दहा वाजून गेलेत.
डब्यात साखर आहे का बघते,
चपला घालते.